सुट्टीतील विज्ञानशाळा

प्रस्तावना

परीक्षा संपलेली असते, निकाल लागायचा असतो आणि महाविद्यालयाचे दार अजून उघडलेले नसते, असे दोन-अडीच महिने बहुतेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यात येतात. कोणी मामाच्या गावी जातो, कोणी वडिलांबरोबर शेतावर राबतो, कोणी एखाद्या दुकानात हाताखाली उभा राहतो. आपल्यापैकी काहींच्या बाबतीत शाळा आणि पुढील शिक्षण यांमधील हे अंतर दोन महिन्यांचे नसून दहा-वीस वर्षांचेही असेल. या मधल्या काळाचा एक वेगळा उपयोग जगात अनेक ठिकाणी केला जातो. विज्ञानाची आवड असलेल्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत एका ठिकाणी राहावयास बोलावतात आणि ज्याचे उत्तर पुस्तकात नाही असे काम त्यांच्या हाती सोपवतात. प्रस्तुत पाठात अशा निवासी विज्ञानशाळांचा परिचय करून दिला आहे. हा पाठ माहितीपर आणि वैचारिक गद्याचा नमुना आहे. तो वाचताना लेखक उदाहरणावरून विचाराकडे कसा जातो, याकडे लक्ष द्यावे.

मूळ पाठ

शाळेच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग बहुतेकांनी केलेला किंवा निदान ऐकलेला असतो. दोऱ्याला गोळी बांधायची, तिला झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे. उत्तर ९.८ यावयास हवे, हे विद्यार्थ्याला प्रयोगापूर्वीच ठाऊक असते. प्रत्यक्षात ९.३ आले, तर तो दोऱ्याची लांबी पुन्हा मोजत नाही, घड्याळ तपासत नाही. तो जर्नलमधील आकडा बदलतो. वर्गातील चाळीस जर्नलांत चाळीस वेळा ९.८ लिहिलेले सापडते आणि परीक्षकही ते पाहून समाधानाने सही करतात. उत्तर आधी आणि मोजमाप नंतर, अशी ही उलटी रीत आहे. शालेय विज्ञान आणि महाविद्यालयातील, त्याहीपुढे संशोधनातील विज्ञान यांमधील खरी दरी इथे पडते. महाविद्यालयात पुस्तके जाड होतात हे खरे; परंतु त्याहून मोठा बदल असा की, हळूहळू उत्तर ठाऊक नसलेले प्रश्न समोर येऊ लागतात. ज्याला फक्त ठाऊक उत्तरापर्यंत पोहोचण्याची सवय आहे, तो तेथे गोंधळून जातो.

ही दरी ओलांडण्यासाठी घरापासून दूर राहून अभ्यास करणे आपल्या देशात नवीन नाही. राजस्थानातील कोटा हे शहर तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. देशभरातून मुले तेथे येतात, वसतिगृहांत राहतात आणि अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी करतात. त्यांचे कष्ट थोडे नाहीत. पण तेथे सोडवला जाणारा प्रत्येक प्रश्न कोणीतरी आधी सोडवलेला असतो आणि त्याच्या उत्तराचा पर्यायही खाली छापलेला असतो. शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्र हा गुणवत्ता यादीतील प्रतिस्पर्धीही असतो. या एकाकी चढाओढीने किती कोवळी मने खचतात, हे गेल्या काही वर्षांतील वृत्तपत्रांनी आपल्याला वारंवार दाखवले आहे. निवासी विज्ञानशाळेतही मुले घर सोडून राहतात, रात्री जागतात, थकतात. मात्र तेथील जागरणाचे कारण निराळे असते.

अशा शाळांमधील एक जुनी शाळा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ओहाय या गावी १९५९ साली सुरू झाली. तिचे नाव साधे आहे : समर सायन्स प्रोग्रॅम, म्हणजे उन्हाळी विज्ञान कार्यक्रम. रशियाने १९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह सोडला होता आणि आपली मुले विज्ञानात मागे पडतील या चिंतेने अमेरिकेला ग्रासले होते, त्या काळातील हा उपक्रम. महाविद्यालयात जाण्यापूर्वीची मुलेमुली सुमारे सहा आठवडे एकत्र राहतात. तिघांचा एक गट करतात आणि त्या गटाला एक लघुग्रह देतात. आपल्या दुर्बिणीने त्याचे वेध घ्यायचे आणि तो सूर्याभोवती कोणत्या मार्गाने फिरतो ते स्वतः काढायचे, एवढेच काम.

हे काम ऐकावयास सोपे वाटते. दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात लघुग्रह हा ताऱ्यासारखाच एक ठिपका दिसतो. काही वेळाने दुसरे छायाचित्र घेतले की शेकडो ठिपके जागच्या जागी राहतात आणि एकच किंचित सरकलेला असतो. तो आपला. आसपासच्या ताऱ्यांची स्थाने सूचीत नोंदलेली असतात. त्यांच्या आधारे त्याची दिशा मोजायची. पण दिशा कळली तरी अंतर कळत नाही. अंधाऱ्या माळावर दूरचा कंदील दिसावा, तो कोणत्या बाजूला आहे ते सांगता यावे, पण किती कोसांवर आहे ते सांगता येऊ नये, तशी ही अडचण. शिवाय कंदील चालतो आहे आणि पाहणाऱ्याची पृथ्वीही चालते आहे. वेगवेगळ्या रात्री घेतलेले किमान तीन वेध हाती आले की गणिताने या अडचणीतून वाट काढता येते. ती वाट कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाने वयाच्या चोविसाव्या वर्षी शोधली. १८०१ च्या पहिल्या दिवशी सापडलेला सेरेस हा खगोल काही आठवड्यांतच सूर्याच्या तेजात हरवला होता. गाऊसने मोजक्या वेधांवरून त्याचा मार्ग काढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो जवळजवळ त्याच जागी पुन्हा दिसला.

मुलांना हे गणित शिकवतात, पण वेध त्यांनाच घ्यावे लागतात. एखाद्या रात्री ढग येतात. कधी दुर्बीण नीट रोखलेली नसते, कधी मोजलेल्या आकड्यात एक अंक उलटा लिहिला जातो आणि लघुग्रहाची कक्षा सूर्यमालेबाहेर निघून जाते. मग तिघे मिळून मागे मागे जात चूक शोधतात. त्यांचे वेध पुढे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राकडे पाठवले जातात. आकडा हवा तसा बदलून येथे चालत नाही, कारण हवा तसा म्हणजे कसा, हेच कोणाला ठाऊक नसते. माझ्या मते अशा शाळेचे सगळे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. पुढील काळात या कार्यक्रमात जीवरसायनशास्त्रासारखे विषयही आले, परंतु रीत तीच राहिली. या शाळेचा एक माजी विद्यार्थी, फ्रँकलिन अँटोनिओ, पुढे मोठा अभियंता आणि उद्योजक झाला. २०२२ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा त्याने आपल्या संपत्तीतील सुमारे वीस कोटी डॉलर या शाळेसाठी ठेवले होते.

आपल्याकडेही हा विचार लवकर आला होता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९६३ मध्ये विज्ञान प्रतिभाशोध योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ती केवळ दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या होत्या दहा. दुसऱ्याच वर्षी ती देशभर नेऊन शिष्यवृत्त्यांची संख्या साडेतीनशे करण्यात आली. निवडीसाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत असे. त्यांबरोबर विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही मागत. निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग भरत. पुढे शिक्षणाचा आकृतिबंध बदलला, १९७७ मध्ये योजनेचे नाव आणि रूपही बदलले. ती इतर विषयांच्या विद्यार्थ्यांनाही खुली झाली. ही व्यापकता स्वागतार्हच होती. मात्र त्या बदलात प्रकल्प गेला आणि त्याची जागा पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिकेने घेतली, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

आज या प्रकारच्या शाळेचे जवळचे रूप पाहावयाचे, तर मुंबईत मानखुर्दला जावे. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. हे केंद्र १९७४ साली स्थापन झाले. आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाड स्पर्धांसाठी भारतीय संघ निवडण्याचे काम तेथे होते. लेखी परीक्षांच्या चाळणीतून आलेले प्रत्येक विषयातील काही मोजके विद्यार्थी एप्रिल ते जून या काळात तेथील शिबिरांत राहतात. संघात जागा थोड्याच असतात : भौतिकशास्त्रात पाच, रसायनशास्त्रात चार, जीवशास्त्रात चार, खगोलशास्त्रात पाच. म्हणजे येथेही चढाओढ आहेच, हे मान्य केले पाहिजे. परंतु भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पन्नासपैकी वीस गुण प्रत्यक्ष प्रयोगाला असतात. अनोळखी उपकरण समोर ठेवतात आणि काही तासांत त्याच्याकडून उत्तर काढून घ्यावे लागते. म्हणून शिबिरातही हात चालवावे लागतात. नागालँडची मुलगी आणि नांदेडचा मुलगा एकाच तारजोडणीवर वाद घालतात, जेवणाच्या रांगेतही तो वाद संपत नाही. खगोलशास्त्राची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईतच भरली होती.

पुण्यातील आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेतही डॉ. जयंत नारळीकर यांच्या काळात शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू झाला. तो निवासी नव्हता. मुलांनी आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाच्या सोबतीने काम करावे, त्यासाठी अभ्यासक्रम आखू नये, अशी त्यामागील कल्पना. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहून खाली सही करीन. ज्याला पुण्याला येणे शक्य नव्हते, त्याच्यापुरती ती पोस्टकार्डे हीच विज्ञानशाळा होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता पुन्हा राजस्थानाकडे वळू. कोट्यापासून काही तासांच्या अंतरावरील जयपूर शहरात दगडांनी बांधलेली एक वेधशाळा आहे. तिला जंतरमंतर म्हणतात. उत्तर ठाऊक नसताना मोजणे म्हणजे काय, हे शिकावयाचे असेल, तर त्याहून चांगली जागा आपल्या देशात क्वचितच सापडेल. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती उभारली. दिल्ली, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथेही त्याने वेधशाळा बांधल्या. त्यांपैकी मथुरेची आता उरलेली नाही. जयपूरच्या वेधशाळेचा २०१० मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

हा राजा तरुणपणी औरंगजेबाच्या सैन्यातून आपल्या विशाळगडाच्या वेढ्यात लढला होता, हे आपल्याला कदाचित ठाऊक नसेल. त्याच्या दरबारातील मुख्य ज्योतिर्विद जगन्नाथ सम्राट हाही मूळचा महाराष्ट्रीय असल्याचे सांगतात. जयसिंहाच्या आश्रयाला आल्यावर तो अरबी भाषा शिकला आणि युक्लिडची भूमिती त्याने अरबीवरून संस्कृतात आणली. त्या ग्रंथाचे नाव ‘रेखागणित’. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथही त्याने संस्कृतात उतरवला. मोठेपणी परकी लिपी गिरवणाऱ्या या पंडिताचे उदाहरण आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल. जयसिंहाने हिंदू आणि मुसलमान ज्योतिर्विद एकत्र आणले, पोर्तुगालला माणसे पाठवून युरोपातील कोष्टके मागवली. ती कोष्टके आली, तेव्हा त्यांचा नुसता स्वीकार न करता वेधांशी पडताळा घेतला गेला आणि चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला. हा फरक लपवला नाही, लिहून ठेवला. लंबकाच्या जर्नलची येथे आठवण होते.

पितळेची लहान उपकरणे झिजतात, त्यांचे आस ढिले होतात, म्हणून जयसिंहाने चुना-दगडांची प्रचंड यंत्रे बांधली. त्यांतील सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. काटकोन त्रिकोणासारखी एक भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना कमानीसारखे वळलेले दोन चौथाई वर्तुळखंड, अशी त्याची रचना. भिंतीची तिरपी कड ध्रुवाकडे रोखलेली आहे. तिचा जमिनीशी असलेला कोन जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे जवळजवळ सत्तावीस अंश आहे. सूर्य सरकतो तशी या कडेची सावली वर्तुळखंडावरून सरकते, एका सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर. उभे राहून पाहिले तर सावली चालताना खरोखर डोळ्यांना दिसते! येणारा प्रवासी येथे मनगटावरील घड्याळ पाहतो आणि फरक दिसला की, “यंत्र जुने झाले,” असे म्हणून पुढे जातो. यंत्र बरोबर असते. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात. जयपूर त्याच्या पश्चिमेस आहे, म्हणून तेथील सूर्य सुमारे सत्तावीस मिनिटे मागे असतो. त्यात पृथ्वीच्या गतीमुळे ऋतूप्रमाणे काही मिनिटांची आणखी भर किंवा वजाबाकी होते.

मात्र यंत्र जितके मोठे तितके मोजमाप अचूक, या समजुतीलाही हेच यंत्र धक्का देते. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याचे बिंब अर्ध्या अंशाएवढे रुंद दिसते. एवढे अंतर सरकायला त्याला दोन मिनिटे लागतात. त्यामुळे सावलीची कड रेघेसारखी न पडता गडद छायेपासून उजेडापर्यंत सुमारे बारा सेंटिमीटर पसरते. या धूसर पट्ट्याला उपच्छाया म्हणतात. यंत्र आणखी मोठे केले, तर पट्टाही तेवढाच रुंदावतो. मग वेळ वाचायची कोठे? एक बारीक दोरी ताणून दगडाच्या अगदी जवळ धरली, तर तिची स्वतःची सावली रेखीव पडते. दोरी गडद छायेकडे नेत जावे. तिची सावली जिथे मावळते, तिथे उपच्छाया संपली. दहा जणांनी ही जागा ठरवली तर दहा आकडे येतील. ते दहाही लिहून घ्यावेत, त्यांची सरासरी काढावी, कोणता आकडा किती दूर आहे ते पाहावे. यांतील एकही आकडा खोटा नसतो. मोजमापाला मर्यादा असते आणि ती मर्यादाही मोजता येते, हे महाविद्यालयीन विज्ञानाचे पहिले पाऊल विद्यार्थी येथे एका दोरीच्या मदतीने टाकू शकतो.

हे सर्व वाचून एक प्रश्न मनात उभा राहतोच : अशा शाळांत प्रवेश कोणाला मिळतो? उत्तर फारसे सुखद नाही. चाळणी परीक्षेची असते. परीक्षेची माहिती मोठ्या शहरांतील शाळांत आधी पोहोचते. वरच्या पायऱ्यांवर इंग्रजीचा आधार लागतो. आणि मुलीला दोन-तीन आठवडे परगावी राहू द्यावयाचे की नाही, याचा निर्णय ती स्वतः घेत नाही. ज्याच्या सुट्टीतील रोजंदारीवर घराचा एक भाग चालतो, त्याला शिबिर विनामूल्य असले तरी परवडत नाही. गुणवत्ता विखुरलेली असते आणि संधी एकवटलेली असते, ही आपल्या शिक्षणव्यवस्थेची जुनी व्यथा आहे. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि, या शाळांतील सर्वच गोष्टी कुंपणाआड आहेत असे नाही. दुर्बीण महाग असते. सावली फुकट असते.

पाठावर आधारित प्रश्न

१. “उत्तर आधी आणि मोजमाप नंतर” ही रीत लेखकाने उलटी का म्हटली आहे? आपल्या अनुभवातील एक उदाहरण देऊन चार-पाच वाक्यांत लिहा.

२. कोटा येथील वसतिगृहे आणि निवासी विज्ञानशाळा यांच्यात लेखकाला कोणते साम्य आणि कोणता भेद दिसतो? ही तुलना आपल्याला पूर्णपणे पटते काय? न पटल्यास का, ते लिहा.

३. पुढील शब्दांचे अर्थ पाठातील संदर्भावरून सांगा : वेध, आकृतिबंध, उपच्छाया, पडताळा.

कृती

एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जागी उभी रोवा. ती अगदी उभी आहे ना, हे ओळंबा धरून पाहा. दुपारी बारा ते एक या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा आणि लांबी लिहून ठेवा. सर्वांत आखूड सावली ही आपल्या गावची खरी मध्यान्ह. घड्याळात तेव्हा किती वाजले होते, तेही नोंदवा. मे महिन्यात हे काम रोज केल्यास महाराष्ट्रात एक दिवस असा येतो की, मध्यान्ही काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. कोल्हापूरला हा दिवस सुमारे ६ मे रोजी, पुण्याला १३ मेच्या आसपास, मुंबईला १५ मेच्या सुमारास आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास येतो. जयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे असा दिवस कधीच येत नाही. २१ जूनला, सूर्य सर्वांत उंच असतानाही, तेथे एक मीटर काठीची सावली सुमारे सहा सेंटिमीटर उरते. आपल्या गावचा दिवस कोणता, हे दुसऱ्या कोणाला न विचारता शोधा. जयपूरला किंवा कर्कवृत्तापलीकडील अन्य गावी आपला कोणी नातेवाईक वा मित्र राहत असेल, तर त्यालाही त्याच दिवशी एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली मोजून कळवावयास सांगा. दोन्ही आकडे आले तसे वहीत लिहा.